उंबऱ्यापाशी थांबणारी दीप्ती

"आई, आज पुढचं दार उघडलंच नाही. आम्ही सगळे मागच्या खोलीतूनच ये-जा करतोय. व्हिडिओला भारी झालंय."

माझ्या मुलीचा, दीप्तीचा, हा व्हॉइस मेसेज दुपारी मोबाइलवर आला. ती हसत होती. मागे पाऊस वाजत होता आणि एक म्हातारी दाराला शिव्या देत होती. पुढे दीप्ती म्हणते, "झऱ्याचं पाणी लाल येतंय, पण उकळून पितोय. काळजी करू नकोस. उद्या सुधीरभाऊ येतायत. ठेवते." तेवढंच. त्यानंतर तिचा फोन लागलेला नाही. करंजमाचीला एका कातळावर चढल्याशिवाय रेंज मिळत नाही, निरोपही ती घरात बोलून ठेवते आणि तिथून पाठवते, त्यामुळे फोन न लागणं आम्हाला नवीन नाही. पण ते दाराचं वाक्य डोक्यातून जात नाही. नवऱ्याचा, राजेंद्रचा, डबा भरला, ते कारखान्यात रात्रपाळीला गेले, भांडी घासली, आणि मध्येच दोनदा उठून आपल्याच घराचं दार उघडून-लावून बघितलं. ते सरळ उघडतं, सरळ लागतं.

करंजमाची ही पोलादपूरच्या वर, कुडपणच्या अलीकडे, उतारावर टेकलेली दहा-बारा घरांची वाडी. बहुतेक घरांना कुलूप. एका घरात येसाजी आणि अंबूबाई हे म्हातारं जोडपं राहतं. एक म्हैस, थोड्या शेळ्या, नाचणीचा तुकडा. दीप्ती त्यांची कोणी लागत नाही. आम्ही महाडचे, बौद्ध, ते डोंगरावरचे. तरी आज रात्री ती त्या घरात झोपली आहे. ती तिथे कशी पोहोचली, हे सांगायचं तर तिचं सगळंच सांगावं लागेल.

ओळखीच्या एका संपादकांनी दिवाळी अंकासाठी तिच्यावर लिहायला सांगितलं होतं. "लाखो लोक बघतात असे विषय या मुलीला सुचतात कुठून, ते आईनेच लिहावं," म्हणाले. मी होकार दिला होता. काहीतरी गोड लिहिणार होते.

दीप्तीला विषय सुचत नाहीत. ती विषय मागते. ही सवय तिला लागली एकवीस सालच्या पुरात. सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरून ओसरलं आणि गल्लीगल्लीत गुडघाभर चिखल उरला, तेव्हा ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. वीज नाही, फोन लागत नाहीत. माझी चुलत जाऊ गीताबाई खालच्या आळीत राहते, तिचा मुलगा बुद्धरत्न सुरतेला. त्याचा जीव टांगणीला. दीप्तीने आमच्या गच्चीवर रेंज मिळवून त्याला मेसेज केला, "काय बघायचंय सांग." तो म्हणाला, "आईला नंतर दाखव. आधी आमच्या दारातली पाण्याची दगडी डोणी आहे का ते दाखव. ती असली तर घर आहे."

मग ती चिखलातून मोबाइल धरून चालत गेली. एक शब्द बोलली नाही. आळी, वळण, पडकी भिंत, डोणी. डोणी होती. तिच्यामागून गीताबाई खराटा घेऊन आली आणि म्हणाली, "शूटिंग कसलं करतेस गो? फावडं घे." बुद्धरत्न तो व्हिडिओ दिवसभर बघत होता म्हणे. दुसऱ्या दिवशी आळीतल्या प्रत्येकाचा कोणीतरी मुंबईहून, दुबईहून दीप्तीला लिहीत होता, माझं पण दार दाखव.

त्यातून चॅनेल झालं. नाव ठेवलं 'आपला उंबरा'.

मधल्या काळात तिने बरंच काही करून पाहिलं. कशेडी घाट चालू आहे की बंद, दरड कुठे आली, ट्रक कुठपर्यंत अडकलेत, याचे व्हिडिओ पावसात धो-धो चालायचे. पण तिचं समाधान व्हायचं नाही. "घाट चालू आहे कळलं की माणूस निघून जातो, आई. घर बघायला तो परत येतो," असं तिचं म्हणणं. राजेंद्र तिची खेचायचे. "हे कंटेंट कंटेंट म्हणजे काय गं असतं? किलोवर मिळतं की लिटरवर?" ती म्हणायची, "पप्पा, आपल्याला काय दाखवायचंय ते सोडून द्यायचं. समोरच्याला रात्री झोप येत नाही तेव्हा काय आठवतं ते विचारायचं. ते कंटेंट."

आणि ती खरंच तेच विचारायची. प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी एकच प्रश्न: तुमच्या दारात काय होतं? लोक लिहायचे. रातांब्याचं झाड होतं. फुटका रांजण होता. एक पाय नसलेला पाट होता. आईने भिंतीवर उमटवलेले पिठाचे पंजे होते. मग दीप्ती त्या वाडीला जायची, विचारत विचारत ती वस्तू शोधायची, आणि पायवाटेपासून दारापर्यंत मुकाट्याने चालत जाण्याचा व्हिडिओ करायची. बघणाऱ्याला वाटावं आपणच घरी चाललोय. शेवटी ती उंबऱ्यापाशी थांबायची. चपला काढायची, मोबाइल आत वळवायची, आणि थांबायची. आत पाऊल टाकायची नाही.

हे थांबणं लोकांना फार आवडलं. कोणी लिहिलं, काय सुंदर कल्पना आहे, उंबरा बघणाऱ्यानेच ओलांडायचा. पुण्याच्या एका बाईंनी यावर मोठा लेख लिहिला. आम्ही मायलेकींनी तो वाचला आणि एकमेकींकडे बघितलं. कल्पना वगैरे काही नव्हती. कमेंटमध्ये दर दोन-चार दिवसांनी कोणीतरी विचारायचंच, "ताई, आडनाव काय?"

माझे सासरे काशीराम, दीप्तीचे आबा, पोस्टात होते. डोंगरावरच्या वाड्यांना टपाल वाटत हिंडले. चवदार तळ्याच्या गावातला माणूस, ताठ. त्यांनी नातीला एक नियम शिकवला होता: बोलावल्याशिवाय कोणाचा उंबरा ओलांडायचा नाही. आणि घरात बोलावलं, तर मागे फिरायचं नाही. वाकायचंही नाही आणि बोलावणाऱ्याचा अपमानही करायचा नाही, असा त्याचा अर्थ. दीप्तीने नियमाचा पहिला अर्धा भाग इतकी वर्षं पाळला. दुसऱ्या अर्ध्याची वेळ करंजमाचीला आली.

सुधीर हा येसाजी-अंबूबाईंचा एकुलता मुलगा. कुर्ल्याला एका गोदामात सुपरवायझर आहे. चार वर्षांत गावी आलेला नाही. भांडण असं नाही, पण बायको नूतन, तिची नोकरी, मुलांच्या शाळा. त्यानेच गेल्या उन्हाळ्यात चॅनेलवर लिहिलं होतं, "आमच्या दारात आंब्याच्या लाकडाचा जुना ओंडका आहे, त्यावर बसून बाबा बिडी ओढतात." दीप्ती गेली. ओंडका होता, बाबाही होते. उंबऱ्यापाशी ती थांबली. आतून अंबूबाई आल्या, डोळ्यांवर हात धरून तिच्याकडे बघितलं.

"कोन गो तू?"

"मी महाडची. दीप्ती. सुधीरभाऊंनी घर दाखवायला सांगितलंय."

"मग बाहेरून काय घर दिसतं? आत ये गो बाय. उंबऱ्यात काय उभी रावलीस? मी काय वाघीन हाय?"

दीप्तीने आपलं आडनाव सांगितलं. मुद्दाम सांगितलं. अंबूबाई म्हणाल्या, "आडनाव चुलीत घाल. चा घेतेस का ताक?"

त्या दिवशी संध्याकाळी घरी आल्यावर ती हे सांगताना रडली. मीही रडले. राजेंद्र नुसते म्हणाले, "आबा असते तर आज जिलबी आणली असती." आणि खरंच जाऊन घेऊन आले.

तो व्हिडिओ चालला, पण खरा गाजला त्याच्या पुढचा. पावसाळा सुरू झाल्यावर दीप्ती पुन्हा वर गेली होती. अंबूबाई पुढचं दार लावायला गेल्या आणि ते लागेना. त्यांनी हाताने ढकललं, खांद्याने ढकललं, मग पाठ लावून ढकललं आणि शेवटी दारालाच म्हणाल्या, "मेल्या, तू पन मुंबैला जातोस काय? जा! सगलेच गेले, तू कशाला रावतोस?"

एवढासा तुकडा. दीप्तीने तो सहज टाकला. आठवडाभरात तो कुठल्या कुठे गेला. विरारच्या, नालासोपाऱ्याच्या पोरी अंबूबाईंची नक्कल करून दाराला पाठ लावू लागल्या. कोणी लिहायचं, "काकी, खोबरेल घाला." कोणी लिहायचं, "काकी, दाराचं तिकीट काढलं का?" हसून रडणाऱ्या तोंडांच्या रांगाच्या रांगा. लोकांना काय हवं ते असं ओरडून सांगत असताना न ऐकणं कोणालाच जमत नाही. दीप्ती दर रविवारी वर जाऊ लागली. व्हिडिओची सुरुवात दाराने. काकी, आज लागतंय का? काकी ढकलायच्या, नवीन शिवी काढायच्या. मग पुढे नाचणीची भाकरी, म्हशीचे नखरे, येसाजींचे टोमणे. एकाने प्रश्न पाठवला होता, काका तुम्ही मुंबईला का जात नाही? येसाजींनी ओंडक्यावर बसून बिडी झटकली.

"सुधीर न्यायाला येल तवा उतरीन. अजून बोलावलेलं नाय त्यानं. बोलावल्याबिगर कसं जायाचं?"

अंबूबाई आतून म्हणाल्या, "तुमाला बोलावलं तरी तुमी ओंडका डोक्यावर घेऊन जाल."

सगळे हसले. मीसुद्धा. पण त्या उत्तराने वेगळंच काम केलं. लोक सुधीरला शोधायला लागले. तो कमेंट करायचा तेव्हा त्याच्या नावाखाली अनोळखी माणसं लिहू लागली: आई दार ढकलते आणि पोरगा कुठे आहे? लाज वाटते का? दीप्तीने "पुढे काय बघायला आवडेल?" असं विचारलं, तर उत्तरं जवळजवळ एकच होती. सुधीर घरी आलेला बघायचाय. त्याने दार ढकललेलं बघायचंय.

दीप्तीच्या चॅनेलवर इतक्या लोकांनी एक गोष्ट याआधी कधी मागितली नव्हती.

मागच्या पंधरवड्यात ती वरून आली तेव्हा मी ओट्यापाशी सुकट निवडत होते. ती बाजूला येऊन बसली आणि सुकटीतले खडे वेचायला लागली. तिला काहीतरी बोलायचं असलं की ती असं न सांगता काम करते.

"आई, कोणाला बोलायचं नाही, असं कबूल कर."

"कर म्हटलं की मी करणारच नाही. बोल."

"काकींच्या मागच्या खोलीत जमिनीला भेग पडलीय. गवताच्या पेंढ्या ठेवतात ना, त्यांच्यामागे. काकी शेणामातीने बुजवतात. चार दिवसांनी पुन्हा उघडते. मी हात घालून बघितला. आत जातो."

"पूर्ण हात?"

तिने मनगटाच्या वर बोट ठेवून दाखवलं.

उन्हाळ्यात जमीन भेगाळते, हे कोणालाही माहीत आहे. पावसात मिटते. मी तेच म्हणाले. ती म्हणाली, "मला कळतं गं. मी काकींना म्हटलं, हे दाखवूया, कोणीतरी बघायला येईल. तर त्या माझा हात धरून म्हणाल्या, नको गो बाय. सुधीर येऊन जाऊंदे. त्याची बायको घाबरट हाय, हे बघितलं तर पोरांना आननार नाय. एकदा गौरीला पोरं घरात जेवूंदेत, मंग तुला काय दाखवायचं ते दाखव."

"आणि तू हो म्हणालीस."

"त्यांनी मला घरात घेतलंय, आई. घरातलं मी बाहेर सांगू?"

"आबांनी एवढं नव्हतं सांगितलं."

"आबांनी सांगितलं होतं, मागे फिरायचं नाही."

आमच्या घराण्यात त्या नियमावर कोणी कधी उलटा प्रश्न विचारला नव्हता. मला वाटतं, दुसऱ्या कुठल्या मुलीला त्या म्हातारीने घरात बोलावलं असतं, तर तिने चहा पिऊन, भेग बघून, खाली उतरल्यावर चार लोकांना सांगितलं असतं. तिला ते बोलावणं एवढं जड झालं नसतं.

त्यानंतर दोनच दिवसांनी सुधीरचा फोन माझ्या मोबाइलवर आला. दीप्ती वर असली की रेंज नसते, म्हणून तिने माझा नंबर देऊन ठेवला होता.

"बाई, मी सुधीर. करंजमाचीचा. दीप्तीताई हायत का?"

"आहे, देते. तुम्ही बरे आहात ना?"

"कसला बरा? लोक काय काय लिहितात वाचलंत का तुम्ही? गोदामातली पोरं सकाळी हजेरीला विचारतात, साहेब, दार ढकललं का? पोरीला शाळेत चिडवतात. येतो आता. गौरीला येतो, सगळ्यांना घेऊन. एकदा व्हिडिओ होऊन जाऊ दे, म्हणजे मी सुटलो." मग त्याने विचारलं, "बाई, घर ठीक हाय ना? व्हिडिओत तर बरं दिसतं."

दीप्तीने तेव्हाच माझ्या हातातून फोन घेतला होता. त्याचा प्रश्न तिने ऐकला होता. ती म्हणाली, "काकी वाट बघतायत, भाऊ."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ पंख्याच्या बटणाशी उभी होती. चालूही करेना, बंदही करेना. मी तिला रागावले नाही. रागावण्यासारखं तिच्या चेहऱ्यावर काही शिल्लक नव्हतं. या खेपेला ती वर निघाली तेव्हा मात्र मी म्हटलं, "तू वर जाऊच नकोस." ती पिशवी खांद्याला लावत म्हणाली, "भेग मी बघितलीय आणि मीच खाली थांबू? काकी एकट्या त्या खोलीतून गवत काढतात. निदान मी असले तर त्यांना पुढच्या ओटीवर झोपवीन." मग दारात वळून, "आणि सुधीरभाऊ आले की त्यांना मी स्वतः दाखवणार आहे. काकी रागावल्या तरी. पोरं जेवली की लगेच."

पोरं जेवली की लगेच. एवढी तडजोड तिने स्वतःशी केली होती.

पुरानंतरच्या वर्षी आम्हा शिक्षकांना आपत्तीचं एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. दरड कोसळण्याआधी डोंगर काय काय सांगतो, ते एका तरुण साहेबांनी फळ्यावर लिहून दिलं होतं. जमिनीला नव्या भेगा पडतात. झाडं, खांब कलतात. झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होतं नाहीतर आटतं. दारं-खिडक्या अडकू लागतात. मी ते माझ्या चौथीच्या वर्गाकडून पाठ करून घेतलं आहे. मुलं एका सुरात म्हणतात, शेवटचं वाक्य सगळ्यात जोरात, कारण ते सोपं आहे. आणि तीच मी दर रविवारी अंबूबाईंचं दार बघून हसत होते.

हसण्याला कारण होतं. पावसात लाकूड फुगतं. कोकणात कोणाच्या घरी एक तरी दार पावसाळ्यात अडत नाही? आज राजेंद्रही निघताना तेच म्हणाले. "लाकूड फुगलं असेल. उद्या सुधीर येतोय ना, रंधा मारेल." पण ते गाडीला किक मारून क्षणभर तसेच थांबले आणि म्हणाले, "झऱ्याचं पाणी लाल म्हणाली ना ती?" मग कारखान्याचा भोंगा झाला आणि त्यांना जावं लागलं.

ते गेल्यावर हा लेख लिहायला म्हणून मी दाराचे सगळे व्हिडिओ ओळीने लावून बघितले. आजवर आठवड्याचं अंतर ठेवून बघितले होते. एकामागून एक बघितल्यावर ते हसण्यासारखे राहत नाहीत. पहिल्यात दार खाली घासतंय, बस्स. लाकूड फुगलंय, मान्य. पुढच्यात ते वरच्या कोपऱ्यात अडकतंय. त्याच्या पुढच्यात अंबूबाई पाठ लावतात तेव्हा बिजागरीच्या बाजूला वर उजेडाची बारीक रेघ दिसते. पुढे ती रेघ पाचरीसारखी होते, वर रुंद, खाली निमुळती. लाकूड फुगलं असतं तर फट बुजली असती. इथे फट वाढत गेली आहे. दार होतं तसंच आहे. चौकट कलते आहे. चौकट भिंतीत आहे, भिंत जोत्यावर, जोतं डोंगरावर. आणि प्रत्येक व्हिडिओखाली ती हसून रडणारी तोंडं, आधीच्यापेक्षा जास्त.

शेवटच्या व्हिडिओत काकी दमून उंबऱ्यावर बसतात आणि मोबाइलकडे बघून म्हणतात, "हसा मेल्यांनो. तुमच्या घराची दारं लागतात ना? मंग झालं." तिथे दीप्तीच्या हसण्याचा आवाज येत नाही. आधीच्या सगळ्या व्हिडिओंत येतो. हे माझ्या आजच लक्षात आलं.

आणि आज ते दार उघडलंच नाही. सगळे मागच्या खोलीतून ये-जा करत आहेत. भेग त्याच खोलीत आहे.

व्हिडिओ बघून झाल्यावर मी तहसीलच्या नियंत्रण कक्षाला फोन केला. तिथल्या माणसाने नीट ऐकून घेतलं, वाडीचं नाव दोनदा विचारलं, म्हणाला सकाळी पहिल्या उजेडाला माणसं पाठवतो, वरच्या रस्त्यावर झाड पडलंय ते काढतायत. त्याच्याकडून याहून जास्त काय होणार? आणि माणसं गेली तरी येसाजी उतरणार नाहीत. यंदा पावसाच्या तोंडावर तलाठी वर गेले होते, चार महिने खाली राहा म्हणून सांगायला. येसाजींनी त्यांना ताक पाजलं आणि ओंडक्यावर बसून सांगितलं, "सुधीर बोलवील तवा." दीप्तीने ते मजेत सांगितलं होतं. म्हाताऱ्याने आपली अट सगळ्यांसमोर सांगून ठेवली आहे. अंबूबाई त्यांना सोडून उतरणार नाहीत. आणि त्या दोघांना सोडून माझी मुलगी उतरणार नाही, कारण तिला घरात बोलावलं आहे. तिथून तिला बाहेर ये म्हणायचा अधिकार तिच्या आईलासुद्धा नाही. तो त्या घरातल्या माणसालाच आहे.

त्या घरातला माणूस आज रात्री बायको आणि दोन मुलांना घेऊन गाडीत बसणार आहे. पहाटे वीर स्टेशनला उतरणार, रिक्षाने महाडला येणार, इथून जीपने वर. ठरलेलं सगळं माझ्याच स्वयंपाकघरात ठरलं आहे. मुलांसाठी मी थालीपिठाचं पीठ भिजवून ठेवलं आहे. उद्या दुपारी ती मुलं मागच्या खोलीतून, गवताच्या पेंढ्यांच्या बाजूने आजीच्या घरात शिरतील, आणि लाखभर लोकांना हवा तो व्हिडिओ मिळेल.

मी सुधीरला सांगितलं, तर नूतन मुलांना वर नेणार नाही. अंबूबाईंची गौर नातवंडांशिवाय जेवेल. चार वर्षं त्या ज्यासाठी थांबल्या, भेग बुजवत थांबल्या, ते माझ्या एका वाक्याने जाईल. आणि दीप्ती मला म्हणेल, आई, तू घरातलं बाहेर सांगितलंस. कदाचित बरेच दिवस ती माझ्याशी दुसरं काही बोलणार नाही.

बाहेर पाऊस मघाशी थांबला होता, तो पुन्हा लागला आहे. इथे लागला म्हणजे वर कधीचाच असेल.

सकाळपर्यंत थांबले तर सुधीर माझ्या दारात येईलच, तेव्हा समोर बसवून सांगता येईल, असंही मनात येऊन गेलं. पण खालच्या वाडीत कोणाचा फोन रात्री लागतो, कोण बॅटरी घेऊन आत्ता वर चढेल, हे मला माहीत नाही. त्याला माहीत असणार. तो तिथे जन्मला आहे. त्याने कोणाच्या तरी तोंडी निरोप पाठवला, की बाबा, मी बोलावतोय, आत्ता उतरा, तर येसाजींची अट पुरी होते. दीप्तीलाही तोच निरोप पुरेल. आणि हे बोलावणं त्याचंच असायला हवं. व्हिडिओसाठी नाही, कोणी लाज काढली म्हणून नाही.

गाडी सुटायला अजून थोडा वेळ आहे. तो फलाटावर असेल, मुलं सामानावर बसून पेंगत असतील. आधी म्हणेन, सुधीरभाऊ, मी दीप्तीची आई. मग विचारेन, तुम्ही विचारलं होतं ना, घर ठीक आहे का?

नंबर काढला आहे. लावते.